चारशे चेंडूंची बेरीज कुणी करायची?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. माझी मुलगी चौदा वर्षांची, नववीत आहे. आम्ही नेरूळला राहतो. ती उजव्या हाताने मध्यमगती बोलिंग टाकते. सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळी शाळेच्या टीमचा दीड तास सराव, मंगळवार-गुरुवार-शनिवार संध्याकाळी अकॅडमी अडीच तास, रविवारी मॅच. २ नोव्हेंबरला डी. वाय. पाटील स्टेडियमला बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल बघून आली आणि अंगात वारंच शिरलं. तेव्हापासून सोमवार-बुधवार संध्याकाळी एका पर्सनल सरांकडेही तासभर जाते. मंगळवार-गुरुवार पहाटे तिचे बाबा तिला पाऊण तास पारसिक हिलवर पळवतात.

दिवाळीच्या सुट्टीत अकॅडमीचा दोन वेळचा कॅम्प होता. त्यानंतर काही दिवसांनी कंबरेत डावीकडे दुखायला लागलं, त्याला आता तीन आठवडे झाले. बोलिंग टाकताना आणि मागे वाकलं की जास्त दुखतं, आडवं झालं की बरं वाटतं. जवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, नॉर्मल आला. मॅचच्या आधी गोळी घेऊन खेळते. अकॅडमीचे सर म्हणतात, फास्ट बोलरची पाठ दुखणारच, सवय होईल. सासूबाई म्हणतात, बंद करा हा खेळ. हे म्हणतात, पाच आठवड्यांवर निवड चाचणी आहे, तोवर कसंबसं काढू. तिला विचारावं तर म्हणते, "काही नाही गं आई."

एक आठवडा तिला चेंडू मोजायला लावले. शाळेत तीसेक, अकॅडमीत साठेक, पर्सनल सरांकडे आठ ओव्हर, मॅचला आठ ओव्हर आणि त्याआधी वॉर्म-अपला डझनभर. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदाच इनडोअर असायचं, पन्नास-पन्नास चेंडू. पहाटे पाचला उठते, दूध पिऊन जाते. वजन कमी केलं तर वेग वाढेल असं कुणीतरी सांगितल्यामुळे भात सोडलाय. ट्यूशन, जेवण, होमवर्क आटोपून झोपायला साडेअकरा होतात. पाळीही तीन महिने आलेली नाही, पण खेळणाऱ्या मुलींचं असं होतं म्हणतात, म्हणून त्याचं काही नाही. तिला चाचणीला नेऊ का?

– एक आई, नेरूळ

उत्तर

ताई,

आधी उत्तर देते, मग बाकीचं. चाचणीला नेऊ नका. चाचणी तर लांबच आहे, उद्याच्या नेट्सलाही नेऊ नका. बोलिंग आजपासून पूर्ण बंद. पारसिक हिलही बंद. डॉक्टर मोकळं करेपर्यंत.

एवढं ठामपणे का सांगते? उजव्या हाताने टाकणारी चौदा वर्षांची मुलगी, दुखणं कंबरेत डावीकडे, मागे वाकलं की वाढणारं, आडवं झालं की उतरणारं आणि तीन आठवडे हटायला तयार नसलेलं. एवढं वर्णन ऐकलं की खेळाडूंबरोबर काम करणारा कुठलाही फिजिओ सावध होतो. नुसती उसण भरली असती तर एव्हाना बरीच उतरली असती. चेंडू सोडताना बोलरचं शरीर मागे वाकतं, एका अंगाला कलतं, पिळवटतं, आणि नेमक्या त्याच वेळी पुढचा पाय जमिनीवर आदळतो. त्या पायातून वर येणारा दणका शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट असतो, कधी त्याहून जास्त. कंबरेच्या मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद भाग आहे, तो हे सगळं झेलतो. उजव्या हाताच्या बोलरला हा मार बहुतेक वेळा डावीकडे बसतो. आधी हाडाच्या आत सूज येते, तरीही टाकत राहिलं तर बारीक चीर पडते. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पत्र वाचून निदान होत नसतं आणि मी ते करतही नाही. पण तसं काही नाही हे तपासून सिद्ध होईपर्यंत ते आहे असंच धरून चालायचं.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका. सुरुवातीच्या टप्प्यात एक्स-रेला यातलं बहुधा काहीच दिसत नाही. एमआरआयमध्ये चीर पडायच्या आधीची सूजसुद्धा कळते. खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या हाडांच्या किंवा स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा. "मुलगी फास्ट बोलर आहे आणि डावीकडे दुखतंय" हे वाक्य पहिलं सांगा, नाहीतर "बस कशी, दप्तर किती जड" यातच वेळ जाईल. पायात मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा, ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा लघवीवर ताबा नसणं, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

मॅचआधीची गोळी मात्र मला सगळ्यात जास्त खटकली. गोळीने हाड बरं होत नाही, फक्त ओरडायचं थांबतं, आणि ती आठ ओव्हर आणखी टाकून येते. सूज असताना थांबलं तर काही आठवडे ते काही महिन्यांत प्रकरण आटोपू शकतं. चीर पडली तर बोलिंगपासून तीन ते सहा महिने, कधी जास्तही. आणि चीर रुंदावली तर ती कधी कधी नीट जुळतच नाही. पाच आठवडे "कसंबसं काढू" याची किंमत ही आहे. तिच्या बाबांना एवढा परिच्छेद वाचायला द्या.

आता तुम्ही पाठवलेल्या आकड्यांकडे येऊ. तुम्ही ते इतके व्यवस्थित लिहिलेत की बेरीज तेवढी बाकी आहे. शाळेत तीन दिवस तीस म्हणजे ९०. अकॅडमीत तीन दिवस साठ म्हणजे १८०. पर्सनल सरांकडे दोनदा अठ्ठेचाळीस, ९६. रविवारी वॉर्म-अप धरून ६०. एकूण ४२६ चेंडू. सात दिवसांपैकी सातही दिवस. तासांचा हिशोब केला तर शाळा साडेचार, अकॅडमी साडेसात, पर्सनल दोन, पळणं दीड आणि मॅचचे निदान पाच, म्हणजे साडेवीस तास.

इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने तरुण फास्ट बोलर्ससाठी वर्षानुवर्षं मर्यादा घालून दिल्या आहेत. १४-१५ वर्षांच्या वयोगटाला एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, ६ ओव्हर, दिवसाला १२. नेट्समध्ये एका वेळी ३६ चेंडू, तेही आठवड्यातून दोनदा. सात दिवसांत चारपेक्षा जास्त दिवस बोलिंग नाही आणि सलग दोनपेक्षा जास्त दिवस नाही. हिशोब करा: दोन नेट्सचे ७२ आणि मॅचच्या पूर्ण १२ ओव्हरचे ७२, मिळून १४४. तुमची लेक जवळजवळ तिप्पट टाकतेय. "ती कुठे फास्ट, मीडियम तर आहे" असं कुणी म्हणेलच, तर त्याचंही उत्तर त्याच नियमांत आहे. त्या वयोगटाचा विकेटकीपर जिच्यासाठी स्टंपच्या मागे लांब उभा राहतो, ती फास्ट बोलर. तिचा कीपर कुठे उभा राहतो, विचारून बघा.

तासांबाबतही लहान खेळाडूंसाठी एक साधी मोजपट्टी वापरली जाते: आठवड्याचे सरावाचे तास वयाच्या आकड्याच्या वर जाऊ नयेत. वय चौदा, तास साडेवीस. आणि आठवड्यात एक दिवस तरी पूर्ण सुट्टी हवी, ती तुमच्या वेळापत्रकात कुठेच नाही.

यात खलनायक कुणी नाही, हे मी मुद्दाम सांगतेय, कारण घरात आता कुणालातरी धारेवर धरलं जाईल. शाळेचे सर तीसच टाकून घेतात, ते वाजवी आहे. पर्सनल सर आठ ओव्हर, थोड्या जास्त, पण एकट्या बघितल्या तर फार वाटत नाहीत. बाबांचं पाऊण तास पळवणंही वेगळं काढून बघितलं तर चांगलंच. एकेक हप्ता वेगळा बघितला तर परवडेलसा वाटतो हो, पण पगार एकच आहे आणि हप्ते पाच ठिकाणी लागलेत. अकॅडमीच्या सरांना पर्सनल सरांचं माहीत आहे का? मला शंका आहे. बऱ्याच पोरी ते लपवतात, कारण सरांना राग येतो.

पण माझ्या मते ४२६ हा आकडा या गोष्टीतला अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा तुमच्या पावसाळ्याच्या ओळीत आहे. सप्टेंबरपर्यंत आठवड्याला शंभर चेंडू, मग ऑक्टोबरमध्ये मैदानं उघडली आणि दिवाळीच्या कॅम्पमध्ये सकाळ-संध्याकाळ. आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत हे दर वर्षी होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल, पोरं मॅटवर नाहीतर टर्फवर थोडंफार टाकतात. पाऊस सरला की सगळ्यांना चार महिन्यांचा अनुशेष दहा दिवसांत भरायचा असतो. सुट्टी आहे, पोरं मोकळी आहेत, पालकांनी फी भरलीय, मग करा दोन वेळा! दम आणि स्नायू अशा वाढीला काही आठवड्यांत सरावतात, त्यामुळे पोरीला वाटतं की आपल्याला जमतंय. हाड त्या वेगाने सरावत नाही. आणि या वयात उंची झपाट्याने वाढत असते, हाडं लांब होतात पण भक्कमपणा मागाहून येतो. एका दिवसात किती टाकलं यापेक्षा शरीराला ज्याची सवय आहे त्याच्या किती पट टाकलं, हे बघायला हवं. तिच्या बाबतीत ते चौपटीवर गेलं.

जसप्रीत बुमराचं उदाहरण बाबांना पटेल. २०१९ मध्ये पाठीचं स्ट्रेस फ्रॅक्चर, मार्च २०२३ मध्ये पाठीचं ऑपरेशन. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पाच कसोटींत १५१.२ ओव्हर टाकल्या, ३२ विकेट काढल्या आणि सिडनीच्या शेवटच्या कसोटीत पाठीने दगा दिला, दुसऱ्या डावात बोलिंगला येताच आलं नाही. म्हणून २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याला पाचपैकी तीनच कसोटी खेळवायचं आधीच ठरवलं होतं. तेव्हा आपल्याकडे चहाच्या टपरीवरही "एवढा कसला आराम" चाललं होतं. तिशी ओलांडलेल्या त्या माणसाच्या मागे फिजिओ, ट्रेनर, डॉक्टर चेंडूगणिक हिशोब ठेवतात. चौदा वर्षांच्या पोरीचा हिशोब कुणाकडेच नाही.

आता तुमच्या पत्रातली शेवटून दुसरी ओळ. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, मी असते तर पहिली लिहिली असती. तीन महिने पाळी नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं मागेपुढे होते हे खरं, पण नव्वद दिवसांवर खाडा गेला तर मुलीला डॉक्टरांना दाखवायचं, खेळाडू असो वा नसो. "खेळणाऱ्या मुलींचं असं होतं" हे वाक्य मैदानावर इतकं मुरलंय की आयांनाही ते खरं वाटतं. होतं खरं, पण ते बरं असल्याचं लक्षण नव्हे. खर्च होणाऱ्या ताकदीच्या मानाने पोटात कमी गेलं की शरीर आधी ज्या गोष्टी बंद करतं त्यात पाळी येते. पाळी थांबते तेव्हा हाडं सांभाळणारं इस्ट्रोजेनही कमी पडतं, आणि हाडं भरायची वर्षं तर हीच. खेळाच्या मानाने शरीराला ऊर्जा अपुरी पडण्याच्या या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये रेड-एस हे नाव दिलं. मुलांनाही ती होते, फक्त त्यांच्यात पाळीसारखी उघड खूण नसते. तेव्हा तीन महिन्यांचा खाडा आणि कंबरेचं दुखणं ही दोन वेगळी पत्रं नाहीत. हाडांच्या डॉक्टरांना पाळीचं सांगा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना कंबरेचं सांगा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन, व्हिटॅमिन डी यातलं काय तपासायचं ते डॉक्टर ठरवतील. मेडिकलमधून आपल्या मनाने कॅल्शियमच्या बाटल्या आणू नका.

भात आजच ताटात परत येऊ द्या. वजन कमी केलं की वेग वाढतो, हे तिला कुणी सांगितलं ते मला नकोच कळायला. पहाटे निघताना नुसतं दूध चालणार नाही. एक केळं आणि राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की, सराव संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोहे-उपमा-अंडी असं काहीतरी खरं खाणं. डब्याची वाट बघत अकरापर्यंत रिकामं पोट नको. बोलिंग बंद आहे म्हणून आता कमी खायचं, असंही नाही. हाड भरून यायलाही अन्न लागतं. रात्री साडेअकरा ते पहाटे पाच ही झोप नव्हे, डुलकी आहे. आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या किशोरवयीन खेळाडूंना जास्त दुखापती होतात असं अभ्यासांत दिसलंय. पहाटेचा सराव आता बंदच आहे, तर ते दोन तास झोपेला द्या.

सरांना कसं सांगायचं, ही तुमची खरी पंचाईत असणार. तोंडावर बोललं की वाद होतो, म्हणून लिहूनच पाठवा, तिघांनाही एकच मेसेज:

"सर, नमस्कार. मुलीच्या कंबरेचं दुखणं तीन आठवड्यांचं झालंय. स्ट्रेस फ्रॅक्चर आहे का ते तपासतोय, म्हणून आजपासून बोलिंग पूर्ण बंद आहे. ती शाळेत, अकॅडमीत, पर्सनल कोचिंगला आणि मॅचला मिळून आठवड्याला सव्वाचारशे चेंडू टाकत होती, हे आमच्याही लक्षात आलं नव्हतं. रिपोर्ट आला की कळवते. परत सुरू करताना आठवड्याचे चेंडू तुम्हा सगळ्यांशी बोलून ठरवू."

यात कुणावर आरोप नाही, परवानगीही मागितलेली नाही. जे सर यावर "सवय होईल" म्हणतील त्यांच्याशी हुज्जत घालू नका, फक्त पाठवू नका. चांगले सर "बरं झालं सांगितलंत" म्हणतात, असे आहेत आपल्याकडे, आणि बरेच आहेत.

सासूबाईंनाही सांगा की खेळ बंद नाही, बोलिंग बंद आहे. मणक्यावर भार न येता पोहणं किंवा सायकल चालतं का, पोटाचे-कुल्ल्यांचे व्यायाम कधीपासून करायचे, हे डॉक्टर आणि फिजिओ सांगतील. बॅटिंगलाही त्यांनी हो म्हटलं तरच. कंबरेची मालीश करून दुखणं दाबू नका, आजीच्या प्रेमाचं काम शेक आणि गरम वरणभातावर भागवा.

परत सुरू होईल तेव्हा एक दोनशे पानी वही घ्या. रोज पाचच गोष्टी लिहायच्या: किती चेंडू, किती मिनिटं, शून्य ते दहापैकी किती दमले, किती तास झोपले, कुठे दुखलं. मिनिटं गुणिले दमणूक हा हिशोब अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर यांनी रूढ केला. नव्वद मिनिटांचा सराव आणि दमणूक सात, म्हणजे ६३०. या आठवड्याची बेरीज मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशेजारी ठेवायची. कितीपट झाली की धोका, याचे नेमके आकडे मोबाइलवर भरपूर सापडतील आणि त्यावर अभ्यासकांतच जुंपलेली आहे, म्हणून त्यांच्या नादी लागू नका. आकडा एकदम उडी मारताना दिसला की थांबून विचारायचं, बस. पहिल्या आठवड्यात दोनदा, अर्ध्या रनअपने, फिजिओ सांगतील तेवढेच चेंडू. युनिट टेस्ट, ताप, पाऊस, लग्न यात आठवडा बुडाला तर बुडाला. राहिलेले चेंडू पुढच्या आठवड्यात भरून काढायचे नाहीत, आणि पुढच्या दिवाळीला कॅम्पची चिठ्ठी आली की आधी मागच्या पानांवरचे सप्टेंबरचे आकडे बघायचे.

जाता जाता, तुम्ही लिहिलेलं नाही पण विचारून बघा, अकॅडमीत ती मुलांच्याच चेंडूने टाकते का? बायकांच्या क्रिकेटचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, पुरुषांचा १५६ ते १६३. कंबरेचं कारण ते नसावं, पण मुलामुलींचे नेट्स एकत्र असतात तिथे ही गल्लत सर्रास होते.

राहता राहिलं "काही नाही गं आई." ती खोटं बोलत नाही, तिला भीती आहे की खरं सांगितलं तर क्रिकेट जाईल. आणि घरात आजी तेच म्हणतायत, हे ती ऐकते. म्हणून "दुखतंय का?" असं विचारूच नका, त्याला "नाही" हे एकच उत्तर आहे. बुटाची लेस बांधताना काय वाटलं, बाकावर तास संपेपर्यंत बसवलं का, सकाळी उठल्यावर दहापैकी किती, असं विचारा. आणि डॉक्टरांकडे जायच्या आधी तिला एवढं स्पष्ट सांगा की चाचणी पुढच्या वर्षीही असते आणि तेव्हा तुम्हीच तिला घेऊन जाल. तिच्या बाबांसमोर सांगा, म्हणजे तेही ऐकतील.